सोर्स कोडची मालकी आधी, लायसन्स नंतर: छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी टप्प्याटप्प्याने

"आम्ही क्लायंटबरोबर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट केलंय, मग कॉपीराइटचं वेगळं काय करायचं?" आणि त्याच्या बरोबर उलटं, "कॉपीराइट रजिस्टर केलाय, आता लायसन्स कशाला?" हे दोन्ही प्रश्न छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून सतत येतात आणि दोन्हींच्या मागे एकच गैरसमज असतो, की हे दोन पर्याय आहेत आणि त्यातला एक निवडायचा. तसं नाहीये. कॉपीराइट म्हणजे मालकी. लायसन्स म्हणजे त्या मालकीतून दुसऱ्याला दिलेली वापरायची परवानगी. फ्लॅटच तुमच्या नावावर नसेल तर लिव्ह अँड लायसन्सचं अ‍ॅग्रीमेंट कितीही नीट टाईप केलेलं असलं तरी त्याला अर्थ राहत नाही, तसंच हे आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करतात, म्हणजे नेटवरून लायसन्सचा नमुना डाऊनलोड करतात, त्यात कंपनीचं नाव टाकतात आणि झालं म्हणतात. खाली जो क्रम दिलाय तो भारतातल्या कायद्याप्रमाणे, म्हणजे मुख्यतः कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ आणि त्याच्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे आहे, आणि ज्यांना आपला कोड उघडा करायचा नाहीये त्यांच्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून एक प्रॉडक्ट डोळ्यासमोर ठेवू. दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) यांवरून दर काढतं, दहा दिवसांचं बिल करतं. दोन पार्टनर, पगारावर एक डेव्हलपर, रिपोर्ट्सचा भाग ठोक पैशात करून दिलेला एक फ्रीलान्सर आणि उन्हाळ्यात आलेला एक इंटर्न. पहिलं व्हर्जन दोघांपैकी एका पार्टनरने कंपनी काढायच्या आधीच लिहिलेलं. अशी मांडणी अगदी कॉमन आहे आणि यात मालकीची निदान तीन भगदाडं आहेत, ती पुढे बघू.

## टप्पा १: सुरू करायच्या आधी काय काय गोळा करायचं

एका फोल्डरमध्ये हे सगळं आणा: कंपनीचं इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट किंवा पार्टनरशिप डीड, सगळ्या डेव्हलपर्सची अपॉइंटमेंट लेटर्स, फ्रीलान्सर्सची बिलं आणि त्यांच्याशी झालेले मेल, इंटर्नची लेटर्स, आतापर्यंत क्लायंटना दिलेल्या कोटेशन, वर्क ऑर्डर आणि इन्व्हॉइसच्या कॉप्या.

मग गिटची (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल) हिस्टरी काढा आणि कोणी कोणी कमिट केलंय, म्हणजे बदल नोंदवलाय, त्याची यादी करा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: तो माणूस त्या वेळी कोण होता (पार्टनर, नोकर, फ्रीलान्सर, इंटर्न), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता भाग लिहिला, आणि त्याच्या सहीचा कागद आहे का. शेवटचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा निघतो, घाबरू नका, तो भरण्यासाठीच पुढचा टप्पा आहे.

तपासा: कमिट्स कोणाच्या पर्सनल जीमेलवरून झालेत का? झाले असतील तर हिस्टरी बदलायला जाऊ नका, ती पुरावा आहे. कोणता मेल कोणाचा याची वेगळी नोंद करा आणि इथून पुढे कंपनीच्या आयडीवरूनच कमिट करायचा नियम लावा.

## टप्पा २: मालकी कागदावर आणा

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक पुढे सुधारणं महाग पडतं.

कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो आणि कॉपीराइट कोड लिहिल्या क्षणी आपोआप तयार होतो, त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. प्रश्न असतो तो कोणाच्या नावाने तयार होतो हा. त्याचं उत्तर कलम १७ मध्ये आहे आणि ते असं:

पगारावरचा डेव्हलपर: नोकरीचं काम म्हणून लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, मालकाचा म्हणजे कंपनीचा. इथे कंपनी बऱ्यापैकी सुरक्षित असते. तरी अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक ओळ घालाच, कारण "हे मी रविवारी घरी माझ्या लॅपटॉपवर केलं होतं, नोकरीत नाही" हा वाद नेहमी नोकरी सोडल्यावरच निघतो.

फ्रीलान्सर: इथे जवळजवळ सगळे चुकतात. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला असं वाटतं. होत नाही. पैसे देऊन करून घेतलं की देणारा मालक, हा नियम कायद्यात फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, फिल्म अशा काही गोष्टींना आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम नाही. म्हणजे दूध सॉफ्टवेअरमधले रिपोर्ट्स ज्याने केले तो लेखी असाइनमेंट करून, म्हणजे मालकी हक्क तुमच्या नावे करून, देत नाही तोवर त्या भागाचा मालक तोच. तुम्हाला ते वापरायची परवानगी आहे असं फार तर म्हणता येईल, पण दुसऱ्यांना विकायची आहे का, यावर तो भांडू शकतो.

कंपनीच्या आधीचा पार्टनर: ज्याने लिहिलं तो मालक, कंपनी नाही, कारण कंपनी तेव्हा नव्हतीच. आणि डायरेक्टर झाला म्हणून तो आपोआप नोकर होत नाही. त्याच्याकडून कंपनीच्या नावाने असाइनमेंट घ्यायलाच हवं. पार्टनर एकमेकांचे मित्र असतात म्हणून हे राहून जातं आणि मग इन्व्हेस्टर आला किंवा दोघांचं फाटलं की पहिला प्रश्न हाच निघतो.

इंटर्न: अप्रेंटिसशिपचा करार असेल तर नोकरासारखंच. पण नुसतं कॉलेजचं लेटर घेऊन आलेला, स्टायपेंड नसलेला इंटर्न कुठे बसतो यावर वाद होऊ शकतो, म्हणून त्याचीही सही घ्या. पहिल्या दिवशी घ्या, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट देताना नाही.

असाइनमेंटच्या कागदात काय हवं

कलम १९ प्रमाणे असाइनमेंट लेखी आणि देणाऱ्याच्या किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीच्या सहीचं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "हो हो, सगळं तुमचंच आहे" यावर विसंबू नका. कागदात या गोष्टी स्पष्ट लिहा:

१. कोणतं काम. नुसतं "सॉफ्टवेअर" नाही तर मॉड्यूलचं नाव, रिपॉझिटरी (गिटमध्ये कोड ठेवलेली जागा), कोणत्या तारखेपर्यंतचा कोड, शेवटच्या कमिटचा नंबर.

२. कोणते हक्क. कॉपी करणं, बदल करणं, दुसऱ्या भाषेत नेणं, विकणं, भाड्याने देणं, पुढे लायसन्स देणं.

३. किती काळ. हे लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो! "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी" असं स्पष्ट लिहा. ती मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं असते.

४. कुठे. लिहिलं नाही तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. "जगभरात" लिहा, दुबईतला किंवा अमेरिकेतला क्लायंट आज नसला तरी.

५. किती पैशात. आकडा लिहा आणि पावती जोडा.

६. "एका वर्षात हक्क वापरला नाही तरी असाइनमेंट रद्द होणार नाही." हे वाक्य नसेल तर एक वर्ष न वापरलेला हक्क परत जातो. अर्धवट पडून राहिलेल्या मॉड्यूलसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

७. कोणत्या माध्यमात. डेस्कटॉप, मोबाईल अ‍ॅप, क्लाऊडवरून सेवा असं एकेक नाव घेऊन लिहा. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा बाजारात वापरात नव्हतं, ते स्पष्ट लिहिल्याशिवाय करारात धरलं जात नाही.

सावध: नेटवरचा अमेरिकन नमुना उचलू नका. त्यात "वर्क मेड फॉर हायर" (करून घेणाऱ्याच्याच मालकीचं काम) असं लिहिलेलं असतं आणि लोक समजतात काम झालं. आपल्या कायद्यात ही कल्पना त्या नावाने नाहीच. ते वाक्य राहिलं तरी हरकत नाही, पण त्याच्या खाली "या कामातले सर्व हक्क याद्वारे कंपनीला असाइन करत आहे" हे वाक्य नसेल तर फ्रीलान्सरच्या बाबतीत तुमच्या हातात काही येत नाही. आणि "असाइन करेन" नको, "करत आहे" हवं. भविष्यकाळ लिहिला की पुन्हा सहीसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं, आणि तोवर तो कुठल्यातरी दुसऱ्या देशात असतो.

दोघांनी मिळून वेगळं न करता येण्यासारखा कोड लिहिला असेल आणि कंपनीला असाइन केला नसेल तर दोघं संयुक्त मालक. अशा वेळी एकट्याने परस्पर लायसन्स देऊ नका, सहमालकाच्या संमतीशिवाय दिलेलं लायसन्स टिकत नाही असा मुंबई हायकोर्टाचा २००८ चा निकाल आहे.

स्टँपबद्दल एवढंच, की महाराष्ट्रात साध्या करारासाठी १०० चा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा झालाय. असाइनमेंटला नेमका कोणता आर्टिकल लागतो ते वकिलाला विचारूनच स्टँप घ्या.

तपासा: पहिल्या टप्प्यातल्या यादीतला शेवटचा रकाना आता पूर्ण भरला का? एकही नाव सुटलं असेल तर पुढे जाऊ नका. माणूस सापडतच नसेल तर त्याने लिहिलेला भाग पुन्हा नव्याने लिहून घ्या, आणि नवीन लिहिणाऱ्याला जुना कोड दाखवू नका, नुसतं काय काम करायला हवं ते सांगा.

## टप्पा ३: आपल्या कोडमधला दुसऱ्याचा कोड शोधा

आजच्या कुठल्याही प्रॉडक्टमध्ये आपण लिहिलेल्या ओळींपेक्षा बाहेरून आणलेल्या लायब्ररीज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे भाग, जास्त असतात. त्या तुमच्या मालकीच्या नाहीत, त्या तुम्ही स्वतः कोणाच्यातरी लायसन्सवर वापरताय. त्यामुळे "या सॉफ्टवेअरमधला सर्व कोड आमचा आहे" असं क्लायंटला लिहून देऊ नका, ते खरं नसतं.

प्रत्येक लायब्ररीचं नाव, व्हर्जन आणि लायसन्स अशी यादी काढा. पायथॉनसाठी पिप-लायसन्सेस, नोडसाठी लायसन्स-चेकर, एकूण कोडसाठी स्कॅनकोड ही टूल्स फुकट आहेत. मग लायसन्सच्या नावाप्रमाणे असे तीन गट करा.

एमआयटी, बीएसडी, अपाची: बंद कोडमध्ये चालतात. पण अट असते, त्यांची कॉपीराइट नोटीस आणि लायसन्सचा मजकूर बरोबर द्यायचा. हे कोणी करत नाही. एक "थर्ड पार्टी नोटिसेस" नावाची फाईल करून इन्स्टॉलरमध्ये टाका, काम संपलं.

एलजीपीएल: लायब्ररी वेगळी ठेवून डायनॅमिक लिंक केली (प्रोग्रॅम चालताना जोडली) तर साधारणपणे चालतं, पण वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलता आली पाहिजे. कोड उचलून आपल्या फाईलमध्ये पेस्ट केला तर प्रकरण बदलतं.

जीपीएल आणि एजीपीएल: इथे थांबा. जीपीएलचा कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळून तो प्रोग्रॅम क्लायंटला दिला, म्हणजे त्याच्या मशीनवर टाकला, की त्या सगळ्याचा सोर्स जीपीएलखाली द्यायची जबाबदारी येते. सॉफ्टवेअर फक्त आपल्या सर्व्हरवर चालत असेल आणि लोक ब्राउझरमधून वापरत असतील तर जीपीएलची ही अट लागू होत नाही, पण एजीपीएल नेमका त्यासाठीच आहे: बदल केलेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरायला दिला तरी वापरणाऱ्याला सोर्स मिळायला हवा. बंद प्रॉडक्टमध्ये ही दोन नावं दिसली की पर्यायी लायब्ररी शोधा, किंवा त्या लायब्ररीचा मालक पैसे घेऊन वेगळं कमर्शियल लायसन्स देतो का बघा, बरेच देतात.

व्हर्जनकडेही नीट बघा, एकाच सॉफ्टवेअरचं लायसन्स मध्येच बदलतं. इलास्टिकसर्च २०२१ मध्ये अपाचीवरून हललं, टेराफॉर्म २०२३ मध्ये बदललं, रेडिसने २०२४ मध्ये बीएसडी सोडलं. जुनं व्हर्जन जुन्या अटींवरच राहतं, त्यामुळे यादीत व्हर्जन नंबर नसेल तर ती यादी अर्धीच.

सावध, दोन ठिकाणी:

गिटहबवर पब्लिक आहे म्हणजे फुकट वापरायला आहे असं नाही. रिपॉझिटरीत लायसन्सची फाईलच नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे राखीव, तुम्ही तिथे बघू शकता, फोर्क करू शकता (गिटहबवरच आपल्या खात्यात कॉपी घेऊ शकता), पण प्रॉडक्टमध्ये घालून विकू शकत नाही. "लायसन्स नाही म्हणजे बंधन नाही" हा समज फारच पसरलाय आणि तो पूर्ण उलटा आहे.

दुसरं, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमर्सच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचे स्निपेट्स (कोडचे तुकडे). तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए प्रकारात असतो, म्हणजे नाव द्यायचं आणि त्यावरून बनवलेलं तशाच अटींवर द्यायचं. दोन-तीन ओळींच्या नेहमीच्या युक्तीने आभाळ कोसळत नाही, पण पानभर फंक्शन जसंच्या तसं उचललं असेल तर पुन्हा लिहा. फॉन्ट आणि आयकॉनही याच यादीत घ्या, विशेषतः देवनागरी फॉन्ट, कारण बिल प्रिंट करायला कुठूनतरी आणलेला फॉन्ट इन्स्टॉलरमध्ये टाकून वाटणं हे तर आपल्याकडे सर्रास चालतं.

## टप्पा ४: खुणा आणि पुरावा

छोटा टप्पा आहे, एका दुपारी होतो. प्रत्येक सोर्स फाईलच्या डोक्यावर कॉपीराइटची ओळ टाका: वर्ष, कंपनीचं नाव, सर्व हक्क राखीव. अबाऊट स्क्रीन, लॉगिन पान आणि मॅन्युअलवरही टाका. ही ओळ बंधनकारक नाही, पण कलम ५५ मुळे तिचा मोठा उपयोग आहे. समोरच्याने सिद्ध केलं की मला कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटायचं कारणही नव्हतं, तर तुम्हाला मनाई हुकूम आणि त्याच्या नफ्यातला वाटा यापुरतंच मागता येतं. फाईलवर ओळ असली की "माहीत नव्हतं" म्हणणं त्याला अवघड जातं.

प्रत्येक रिलीजचा सोर्स झिप करून त्याचा हॅश (फाईलचा ठशासारखा कोड, फाईल बदलली की तोही बदलतो) काढून तारखेसह नोंदवून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे सर्टिफिकेट द्यावं लागतं त्यात हॅश लिहायला जागाच आहे. तीन वर्षांनी कोर्टात उभं राहिल्यावर काढलेल्या हॅशवरून फाईल तेव्हाचीच आहे हे दाखवता येत नाही.

## टप्पा ५: रजिस्ट्रेशन

सक्तीचं नाही. केलं नाही तरी कॉपीराइट तुमचाच आणि दावाही लावता येतो. तरी माझं स्पष्ट मत आहे की विकायचं प्रॉडक्ट असेल तर कराच, कारण कलम ४८ प्रमाणे रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, आणि मग मालक कोण हे पहिल्या तारखेपासून सिद्ध करत बसावं लागत नाही. टेंडर, बँक, इन्व्हेस्टर यांच्यासमोरही तो कागद कामाला येतो.

१. कॉपीराइट ऑफिसच्या पोर्टलवर लॉगिन करा. ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे, जायची गरज नसते.

२. फॉर्म १४ भरा. त्यात अर्जदार कोण आणि लेखक कोण हे वेगळे रकाने आहेत. अर्जदार कंपनी, लेखक म्हणजे ज्यांनी खरंच कोड लिहिला ती माणसं. दोन्हीकडे कंपनीचंच नाव टाकून मोकळं होऊ नका.

३. लेखकांची ना हरकत पत्रं जोडा. दुसरा टप्पा नीट केला असेल तर ती आधीच हातात असतील, नसेल केला तर अर्ज इथेच अडकतो.

४. सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं जोडा. एकूण २० पानांपेक्षा कमी असेल तर पूर्ण कोड. २०२१ च्या नियम दुरुस्तीनंतर ही पद्धत आहे आणि त्यात काही झाकलेलं, काळं केलेलं चालत नाही.

५. फी ऑनलाइन भरा, पोर्टलवर त्या दिवशी दिसते तीच खरी धरा. डायरी नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

६. मग ३० दिवस थांबायचं, त्या काळात कोणी आक्षेप घेऊ शकतं. त्यानंतर तपासणी होते. त्रुटीचं पत्र आलं तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, पोर्टल आणि मेल दोन्ही बघत राहा.

सावध: ती २० पानं तयार करताना त्यात पासवर्ड, एपीआय की, डेटाबेसचा पत्ता असलं काही आहे का बघा. झाकता येत नसल्यामुळे ते आधी कोडमधूनच काढून कॉन्फिग फाईलमध्ये न्यायला हवं, जे तसंही करायला हवंच.

रजिस्ट्रेशन कोडचं होतं, कल्पनेचं नाही. फॅट आणि एसएनएफवरून दर काढायची पद्धत तुमच्या एकट्याची होत नाही, कोणीही स्वतःचा कोड लिहून तेच करू शकतो. कल्पनेला कॉपीराइट नसतो हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय. आणि नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) मुळे पेटंटही मिळत नाही. पद्धतच गुपित ठेवायची असेल तर त्याला गोपनीयतेचा करार लागतो, कॉपीराइटचं सर्टिफिकेट तिथे काही करू शकत नाही.

## टप्पा ६: आता लायसन्स लिहा

इथवर आलात म्हणजे तुमच्या हातात देण्यासारखं काहीतरी आहे. आधी ठरवा की तुम्ही नेमकं काय देताय: क्लायंटच्या मशीनवर चालवायची परवानगी, क्लाऊडवरची सेवा, की सोर्स कोडसकट सगळं. तिन्हीला एकच नमुना वापरू नका.

लोकांना माहीतच नसलेली गोष्ट म्हणजे कलम ३०ए मुळे असाइनमेंटचे वरचे नियम लायसन्सलाही लागू होतात. म्हणजे लायसन्स लेखी हवं, आणि मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. "लाइफटाइम लायसन्स" असं कोटेशनवर छापून करारात मुदतच न लिहिणं यातून भांडण ठरलेलं, कारण लाइफटाइम कोणाचा, क्लायंटचा, कॉम्प्युटरचा, की त्या व्हर्जनचा?

लायसन्सच्या मसुद्यात या क्रमाने जा:

मालकी: "सॉफ्टवेअरचा कॉपीराइट कंपनीकडेच राहील, ग्राहकाला फक्त वापरायची परवानगी दिली आहे, विक्री केलेली नाही." हे पहिल्या परिच्छेदात, ठळक.

परवानगी किती: किती केंद्रं, किती मशीन, किती युजर. "एका संस्थेसाठी" असं लिहू नका. उद्या त्या संस्थेची चार संकलन केंद्रं झाली तर? आकडा लिहा.

काय करायचं नाही: दुसऱ्याला देणं, भाड्याने देणं, डीकंपाइल करणं (तयार प्रोग्रॅमवरून सोर्स परत काढणं), कॉपीराइटच्या ओळी काढणं. पण कायद्याने दिलेलं काढून घ्यायला जाऊ नका. कलम ५२ प्रमाणे कायदेशीर प्रत असलेल्याला बॅकअप काढता येतो, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडणी करायला लागणारी माहिती दुसरीकडून सहज मिळत नसेल तर ती शोधता येते, प्रोग्रॅम कसा चालतो ते निरखता येतं. "कायद्याने दिलेली मुभा सोडून" एवढे शब्द घातले की कलम टिकाऊ होतं.

क्लायंटसाठी केलेले बदल कोणाचे: ही ओळ नसलेले करार अर्ध्याहून जास्त भांडणांच्या मुळाशी दिसतात. एखाद्या दूध संघाने सांगितलं म्हणून तुम्ही बोनस वाटपाचं मॉड्यूल केलं, त्यांनी पैसे दिले, मग ते दुसऱ्या संघाला विकता येईल का? कायद्याने कोड लिहिणारे तुम्ही, असाइन केलं नाही तर तुमचाच, पण समोरच्याची समजूत नक्कीच वेगळी असते. आधीच लिहा.

थर्ड पार्टी कोड: तिसऱ्या टप्प्यातली यादी परिशिष्ट म्हणून जोडा आणि सांगा की तो भाग त्याच्या त्याच्या लायसन्सवर आहे.

सपोर्ट आणि मुदत: लायसन्स आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) वेगळे ठेवा. एएमसी भरली नाही तर सपोर्ट बंद होईल की सॉफ्टवेअरच बंद होईल हे स्पष्ट लिहा. न सांगता सॉफ्टवेअर लॉक करणारे आहेत, आणि ऐन बिलाच्या दिवशी शेतकऱ्यांचे पैसे अडकवणं मला कुठल्याही करारात बसवून बरोबर वाटत नाही. निदान ३० दिवसांची लेखी सूचना आणि डेटा बाहेर काढून द्यायची हमी ठेवा.

सोर्स कोड: मोठा क्लायंट म्हणतो तुम्ही उद्या दुकान बंद केलंत तर? त्यासाठी पूर्ण सोर्स देऊन टाकायची गरज नाही. एस्क्रो करा, म्हणजे सोर्स तिसऱ्या तटस्थ पक्षाकडे ठेवायचा आणि कंपनी बंद पडली किंवा इतके दिवस सपोर्ट दिला नाही तरच तो क्लायंटला मिळेल, तेही स्वतःच्या वापरापुरता. कोणत्या घटनेनंतर मिळेल ते मोजता येईल असं लिहा.

सावध: इन्व्हॉइस आणि करार एकच बोलले पाहिजेत. करारात "परवाना" आणि बिलावर "सोर्स कोडसह सॉफ्टवेअरची संपूर्ण विक्री" असं असेल तर समोरचा वकील बिलच दाखवणार. कॉपीराइट देणं आणि कॉपीराइट असलेल्या वस्तूची प्रत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटरच्या टॅक्सच्या खटल्यात सविस्तर मांडलंय, त्यामुळे बिलावरचे शब्द सीएला विचारून ठरवा.

सरकारी किंवा सहकारी संस्थेचं टेंडर असेल तर अटींमध्ये "सर्व बौद्धिक संपदा खरेदीदाराची राहील" अशी ओळ लपलेली असते. ती वाचून मगच दर भरा. मान्य असेल तर किंमत वेगळी लावा आणि तुमचा आधीपासूनचा मूळ कोड त्यातून वगळा, नाहीतर एका ऑर्डरसाठी अख्खं प्रॉडक्ट हातातून जाईल.

तपासा: मसुदा तुमच्याच ऑफिसमधल्या, करार न लिहिलेल्या माणसाला द्या आणि विचारा: किती मशीनवर चालेल, कधीपर्यंत, कुठे, बदल कोणाचे. चारही उत्तरं त्याला कागदावरून सांगता आली पाहिजेत.

## टप्पा ७: सॉफ्टवेअर हातात देताना

सही आधी, इन्स्टॉलेशन नंतर. पीएचपी किंवा पायथॉनमध्ये केलेलं असेल आणि क्लायंटच्या सर्व्हरवर टाकायचं असेल तर सोर्स तिथे दिसतोच, म्हणून अशा वेळी गोपनीयतेचं कलम करारात हवंच आणि सर्व्हरचा अ‍ॅक्सेस कोणाकडे आहे त्याची यादीही. कोणता बिल्ड, कोणत्या तारखेला, कोणत्या मशीनवर टाकला याची एका पानाची पोच सहीसह घ्या.

डेव्हलपर नोकरी सोडत असेल त्याच दिवशी रिपॉझिटरी, क्लाऊड, क्लायंटचे सर्व्हर असे सगळे अ‍ॅक्सेस काढा आणि कोड परत केल्याचं, कॉपी न ठेवल्याचं लेखी घ्या. "दोन वर्षं या क्षेत्रात काम करायचं नाही" असल्या अटीवर मात्र भिस्त ठेवू नका, नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २७ मुळे टिकत नाही. गोपनीयतेची अट टिकते, त्यामुळे जोर तिच्यावर द्या.

## टप्पा ८: कोणी कॉपी केलीच तर

पहिल्यांदा फोन करून शिव्या द्यायच्या नाहीत. पुरावा गोळा करा: त्यांच्या सॉफ्टवेअरचं कायदेशीर मार्गाने मिळवलेलं व्हर्जन, स्क्रीनशॉट, तुमच्याच स्पेलिंगच्या चुका किंवा न वापरलेली फंक्शन्स त्यांच्याकडे जशीच्या तशी आहेत का. सारखी स्क्रीन दिसली म्हणून कोड चोरला असं होत नाही, कोडची तुलना लागते.

मग ठरवा की हा करारभंग आहे की कॉपीराइटचा भंग. पाच मशीनचं लायसन्स घेऊन पैसे थकवले तर ते करारातलं प्रकरण. पाचाऐवजी वीस मशीनवर टाकलं किंवा कोड उचलून आपल्या नावाने विकला तर कॉपीराइट. दुसऱ्यात मनाई हुकूम मागता येतो, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंडाची तरतूद आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरणाऱ्यासाठी कलम ६३बी वेगळं आहे.

सावध: पुराव्याशिवाय धमकीची नोटीस पाठवू नका. कलम ६० प्रमाणे निराधार धमकीविरुद्ध समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो. नोटिशीत रजिस्ट्रेशन नंबर, कोणते भाग सारखे, कोणतं कलम मोडलं आणि काय हवंय हे मुद्देसूद लिहा, भावना नको.

दावा तुमचा व्यवसाय जिथे चालतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावायची सोय कलम ६२ मध्ये आहे, मात्र समोरच्याने भंग केला तिथेही तुमचं ऑफिस असेल तर तिथेच जावं लागतं. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर कमर्शियल कोर्टात जायच्या आधी मध्यस्थी करावी लागते. वकिलाकडे जाताना पहिल्या टप्प्यातली यादी, सगळी असाइनमेंट्स, हॅशची नोंद, रजिस्ट्रेशन, सही केलेलं लायसन्स आणि इन्स्टॉलेशनची पोच असं एकत्र घेऊन जा. यातलं काही नसेल तर तो पहिले काही आठवडे तेच गोळा करायला लावेल, आणि तोवर समोरचा ते सॉफ्टवेअर विकत राहील.

नवीन मोठं व्हर्जन आलं की दुसरा, तिसरा आणि पाचवा टप्पा पुन्हा करायचा, कारण जुन्या रजिस्ट्रेशनमध्ये जुनाच कोड आहे आणि नव्यात कोणीतरी नवीन माणूस, कुठलीतरी नवीन लायब्ररी आलेली असते.